डिजिटल इंडिया, देवगडच्या वाडीतून वापरून बघितलेला: साडेतीन स्टार

हॉटेलांचे, होमस्टेचे, सुरमई थाळीचे रिव्ह्यू सगळेच लिहितात. आमच्या होमस्टेचेही येतात, एकाने तर लिहिलंय की रात्रभर समुद्राचा आवाज फार येतो, एक स्टार कमी. तर म्हटलं आपण पण लिहूया एकदा, पण अशा सेवेबद्दल जिचे आपण रोजचे गिऱ्हाईक आहोत आणि जी आवडली नाही म्हणून शेजारच्या दुकानात जायची सोयच नाही. सरकारच्या डिजिटल सेवा. एखादं ॲप नाही, अख्खं पॅकेज घेतलंय मी रिव्ह्यूला: आधार, डिजिलॉकर, जीवन प्रमाण, ऑनलाईन सातबारा, पीएम किसान, फार्मर आयडी, आणि हे सगळं शेवटी ज्याच्या खुर्चीपाशी येऊन थांबतं तो सेतूवाला, म्हणजे सरकारी सेवांचं केंद्र चालवणारा.

मी राहते देवगड तालुक्यात, माहेर दापोलीकडचं. घरची हापूसची कलमं आहेत, वर दोन खोल्या पाहुण्यांना देतो, दिराची छोटी फायबरची होडी आहे, सासरे ऐंशीच्या पुढचे, माहेरी बाबा पोस्टातून रिटायर. म्हणजे शेतकरी, मच्छीमार, पेन्शनर, छोटा धंदेवाला, सरकारी योजनेत जेवढे प्रकारचे माणूस असतात तेवढे सगळे एका रेशनकार्डाच्या आसपास. आणि वाडीत मोबाईलचं काही अडलं की लोक माझ्याकडे येतात, त्यामुळे माझा अनुभव एका घराचा नाही, अर्ध्या वाडीचा आहे असं धरून चाला.

निकाल आधीच सांगते, ज्यांना पूर्ण वाचायचं नाही त्यांच्यासाठी. सरकारकडे जे तुमच्या नावावर आधीच नीट पडलेलं आहे ते फक्त उतरवून घ्यायचं असेल तर ही सेवा एक नंबर आहे, खरंच, कुठलीही खासगी कंपनी एवढ्या स्वस्तात देणार नाही. पण सरकारला काही पटवून द्यायचं असेल, की हा माणूस मीच, ही जमीन आमचीच, हे घर इथेच आहे, तर मग कोकणातल्या माणसाने पदर खोचून तयारीतच राहावं.

हे सगळं २०१५ ला सुरू झालं असं बऱ्याच जणांना वाटतं पण तसं नाही. मे २००६ मध्ये राष्ट्रीय ई-गव्हर्नन्स आराखडा मंजूर झाला, त्यात २७ मोठे प्रकल्प होते, आणि त्याचं म्हणणं साधं होतं की सामान्य माणसाला सरकारी सेवा त्याच्या राहत्या भागात, एका खिडकीवर, परवडेल अशा पैशात मिळाव्यात. त्यासाठी देशभर एक लाख सेवा केंद्रं काढायची होती. मग १ जुलै २०१५ ला डिजिटल इंडिया आलं, नऊ खांब, तीन उद्दिष्टं, केंद्रं प्रत्येक ग्रामपंचायतीत म्हणजे अडीच लाख. कागदावर मला यातलं काहीच चूक वाटत नाही. फक्त माझं एक ठाम मत झालंय की हा आराखडा ज्यांनी बनवला त्यांच्या डोळ्यासमोरचं गाव सपाट होतं. मधोमध गावठाण, सगळी घरं एकमेकांना चिकटून, भोवती शेतं, एका शेताचा एक मालक, आणि गावाबाहेर एक टॉवर की अख्ख्या गावाला रेंज. आमचं गाव म्हणजे खाडीच्या अलीकडे तीन वाड्या, पलीकडे दोन, एक वाडी डोंगराच्या पोटात, आणि रेंज सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर. बाकी सगळ्या तक्रारी यातूनच निघतात, पुढे वाचालच.

पण आधी चांगलं. सातबारा. ज्यांनी तलाठ्याच्या मागे फिरून सातबारा काढलाय त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही, तलाठी आज तालुक्याला मीटिंगला, उद्या दुसऱ्या सजेत, परवा आहेत पण रजिस्टर तिकडे. केंद्राचा जमिनीच्या नोंदींचा कार्यक्रम २००८ पासून चालू आहे, आणि आपल्या राज्याने २०१८ मध्ये डिजिटल सहीचा सातबारा आणला, १५ रुपये भरायचे आणि पीडीएफ उतरवायची, त्यावर कुणाचा शिक्का नको सही नको. मी रात्री साडेदहाला भांडी आवरून झाल्यावर काढलेला आहे. सोसायटीत कर्जासाठी दिला तेव्हा तिथल्या माणसाने एकदा उलटसुलट करून बघितला, क्यूआर कोड मारला आणि फाईलला लावला, झालं. फेरफार, आठ-अ हे जमिनीचे बाकीचे उतारे पण तसेच मिळतात. पाच स्टार.

डिजिलॉकर, म्हणजे सरकारी कागद मोबाईलवर ठेवायचं ॲप, ते पण छान आहे, फक्त लोक ते चुकीचं वापरतात. लायसन्सचा फोटो काढून गॅलरीत ठेवला म्हणजे डिजिलॉकर नव्हे, आणि त्यात स्वतः स्कॅन करून चढवलेला कागद पण नव्हे. 'इश्यूड' मध्ये आरटीओकडून, बोर्डाकडून थेट जे येतं तेच कायद्याने मूळ कागदाच्या बरोबरीचं धरतात. फोंडा घाटातून कोल्हापूरला जाताना आम्हाला पोलिसांनी अडवलं होतं, नवऱ्याने मोबाईलवर आरसी आणि लायसन्स दाखवलं, त्यांनी बघितलं, जा म्हणाले. एवढंच. सरकारी कामात 'एवढंच' हा शब्द वापरायला मिळणं हीच मोठी गोष्ट आहे. हां, घाटात रेंज नसते म्हणून निघायच्या आधी घरी एकदा उघडून कागद फोनमध्ये उतरवून घ्यायचे, हे मात्र कुणी सांगत नाही.

पण मला सगळ्यात आवडलेली सेवा विचाराल तर जीवन प्रमाण. पेन्शनर लोकांना दर वर्षी नोव्हेंबरात आपण जिवंत आहोत हे सांगायला लागतं, बाबा आधी बँकेत जाऊन रांगेत उभे राहायचे, त्या रांगेत सगळे सत्तरीच्या वरचे, बसायला चार खुर्च्या, आणि त्यातल्या त्यात गंमत म्हणजे रांगेत उभं राहू शकतो हाच जिवंत असल्याचा पुरावा. २०१४ च्या नोव्हेंबरात हे ऑनलाईन आलं पण तेव्हा अंगठ्याचं मशीन लागायचं, आणि म्हाताऱ्या माणसाचा अंगठा हा वेगळाच विषय आहे त्यावर पुढे येते. २०२१ च्या शेवटी चेहऱ्यावरून करायची सोय झाली आणि चित्रच बदललं. आता मी दिवाळीला माहेरी गेले की बाबांना सकाळच्या उजेडात ओटीवर बसवते, मोबाईल समोर धरते, ते डोळे मिचकावतात, हिरवी खूण येते, पेन्शनचा पीपीओ नंबर टाकलेला असतोच, झालं. बाबा स्वतः आयुष्यभर पोस्टात कागदावर शिक्के मारलेले, त्यांना पहिल्या वर्षी हे पटेचना, मला म्हणाले पावती कुठाय? प्रिंट काढून दिली तेव्हा झोपले. आणि ज्यांच्या घरी स्मार्टफोनवालं कुणी नाही त्यांच्यासाठी पोस्टमन घरी येऊन पण करून देतो, त्याचे थोडे पैसे घेतात पण रिक्षाच्या भाड्यापेक्षा कमीच.

यूपीआयबद्दल काय लिहायचं, २०१६ ला आलं, आज सुक्या बांगड्याच्या पाटीवर पण क्यूआर आहे. फक्त आमच्याकडची मासळीवाली स्क्रीनवरच्या हिरव्या टिकवर विश्वास ठेवत नाही, तिचं ते बोलणारं डबडं 'प्राप्त झाले' म्हणाल्याशिवाय पिशवी हातात देत नाही. बरोबरच आहे तिचं.

अजून एक, जे बऱ्याच होमस्टेवाल्यांना माहीत नसतं. परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांत त्याची माहिती देणारा फॉर्म (सी फॉर्म म्हणतात त्याला) ऑनलाईन भरावा लागतो, मग तुमच्या दोनच खोल्या का असेनात. मला आधी भीती होती की पोलीस स्टेशनला जावं लागेल, पण एकदा रजिस्ट्रेशन झालं की घरबसल्या होतं. दिसायला ती साईट अगदी जुनाट आहे, पण काम करते, आणि मला दिसण्यापेक्षा तेच पाहिजे.

आता रेंज.

आमच्या वाडीत फोन लागतो तो पायरीवरच्या आंब्याखाली, आणि इंटरनेट धड पाहिजे तर सड्यावर. हे विनोद म्हणून लिहीत नाही, ओटीपीला दहा मिनिटांची मुदत असते आणि सडा चढायला तेवढीच लागतात, त्यामुळे आमच्याकडे अर्ज भरायचा तो सड्यावर जाऊनच, कातळावर बसून, उन्हात स्क्रीन दिसत नाही म्हणून डोक्यावर ओढणी घेऊन. सरकारला हे माहीत नाही असं नाही हां. गावागावात फायबर न्यायची योजना ऑक्टोबर २०११ मध्येच मंजूर झाली होती, तेव्हा ती दोन वर्षांत संपणार होती. नंतर तिचं नाव भारतनेट झालं, पहिला लाख ग्रामपंचायतींचा टप्पा पूर्ण व्हायला २०१७ चा डिसेंबर उजाडला, आणि २०२३ मध्ये परत १ लाख ३९ हजार कोटींचा सुधारित कार्यक्रम मंजूर झाला. २०२२ मध्ये बिनारेंजच्या २४,६८० गावांना फोरजी द्यायचं पण ठरलं, २६,३१६ कोटी. पैसा कमी पडतोय असं या आकड्यांवरून तरी वाटत नाही. पण फायबर येते ती ग्रामपंचायतीच्या कपाटापर्यंत, आणि ग्रामपंचायतीपासून आमची वाडी खाडीच्या पलीकडे. पावसाळ्यात झाड पडलं की वायर तुटली, लाईट गेली की टॉवरची बॅटरी बसली, आणि कोकणात पाऊस चार महिने असतो हे सरकारी योजनेला दर वर्षी नव्याने कळतं.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा मी इकडे देवगडला होते आणि आई-बाबा दापोलीत. श्रीवर्धन, मंडणगड, दापोली सगळा पट्टा झोपला. पोफळी, नारळ, आंबे, छपरं, विजेचे खांब, सगळं आडवं. किती तरी दिवस लाईट नाही, फोन नाही, आई-बाबा कसे आहेत हे मला एका ट्रकवाल्याकडून कळलं. त्यानंतर पंचनामे, नुकसानभरपाई, आणि ती थेट बँक खात्यात. थेट खात्यात पैसे हे चांगलंच आहे, मधले खाणारे कमी झाले हे मी मान्य करते, पण आधार लिंक, खातं लिंक, मोबाईल लिंक, हे सगळं तपासायला जे लागतं तेच वादळाने नेलेलं. त्या दिवसांत गावातल्या पोरांनी वहीत हाताने याद्या केल्या म्हणून बऱ्याच जणांचं काम झालं. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं, ते आमच्या बाजूला जास्त लागलं, तेव्हा निदान आम्ही शहाणे होतो, कागदांच्या झेरॉक्स प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर. डिजिटलचा बॅकअप म्हणून झेरॉक्स. इथे दोन स्टार, आणि ते सुद्धा सड्यावर रेंज येते म्हणून.

मग अंगठा. आधार आलं २०१० मध्ये, पहिला आधार नंबर आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबारच्या टेंभलीत दिला होता. बोटाचे ठसे हीच ओळख ही कल्पना ज्याने काढली त्याने काजूच्या फॅक्टरीत काम करणाऱ्या बाईचे हात बघितले नसावेत. काजूच्या टरफलातलं तेल कातडी जाळतं, राख लावा, तेल लावा, ग्लोव्हज घाला, बोटांची सालं निघतातच. होडीवर दोर ओढणाऱ्यांचं तेच, मिठाने आणि दोराने हात घासून गुळगुळीत. आमच्या शेजारच्या काकी फॅक्टरीत जातात, रेशनच्या मशीनवर बोट ठेवतात, परत ठेवतात, पदराला पुसून परत, मग दुसरा हात, मग वैतागून, "मेल्याक माझो अंगठो कळणा नाय, तांदूळ बरो कळता." सुप्रीम कोर्टाने २०१८ च्या आधार निकालात सांगितलंय की ओळख जुळली नाही म्हणून कुणाचा हक्काचा लाभ तोडायचा नाही, बुबुळं आहेत, चेहरा आहे, ओटीपी आहे, नियम सगळे आहेत. पण मशीनपुढे उभी असलेली बाई काउंटरवरच्या माणसाला निकाल वाचून दाखवणार आहे का? चेहऱ्यावरून ओळख जिथे जिथे आली तिथे फरक पडलाय हे खरं, पीएम किसानच्या केवायसीला ती २०२३ मध्ये आली आणि वाडीतल्या म्हाताऱ्यांची मोठी कटकट वाचली.

आणि ओटीपीचं तर वेगळंच. आमच्याकडे निम्म्या म्हाताऱ्यांच्या आधारला नंबर मुलाचा, आणि मुलगा असतो नालासोपाऱ्याला नाहीतर दिव्याला. अर्ज इथे, ओटीपी तिथे, आणि तो त्या वेळी लोकलमध्ये लटकलेला. इकडून आजी फोनवर ओरडते, "ओटीपी इलो काय रे?" तिकडून तो ओरडतो, "थांब गो आये, अंधेरी येऊ दे." अंधेरी येईपर्यंत इथे पेज एक्स्पायर. या प्रकारात सरकारची चूक किती आणि कोकणाच्या नशिबाची किती हे तुम्ही ठरवा, पण सगळी व्यवस्था एका मोबाईल नंबरवर टांगताना अर्धं घर मुंबईला असलेल्या जिल्ह्यांचा विचार कुणी केला नाही हे नक्की.

आता जमीन. हा भाग मोठा होणार, कारण इथेच खरी गोम आहे.

कोकणातला सातबारा तुम्ही बघितलाय का कधी? घाटावरच्या सातबाऱ्यावर तीन-चार नावं असली तरी लोक म्हणतात बापरे. आमच्या एका गटावर नावांची यादी पुढच्या पानावर जाते. पणजोबांचे चार मुलगे, त्यांची मुलं, लग्न होऊन गेलेल्या आत्या, वारलेल्यांचे वारस, काही वारस नोंदी झालेल्या, काही व्हायच्या, क्षेत्र सगळं मिळून काही गुंठे आणि ते पण तीन तुकड्यांत. वहिवाट कुणाची कुठे हे वाडीत प्रत्येकाला तोंडपाठ असतं, ह्या दगडापासून त्या फणसापर्यंत अमक्याचं, पण कागदावर सगळं सामायिक. यातले निम्मे खातेदार मुंबईला, काही बडोद्याला, एक दोघे कुठे आहेत ते कुणालाच ठाऊक नाही.

आता यावर पीएम किसान बसवा. २०१९ ला आली, शेतकऱ्याला वर्षाला ६,००० रुपये, दोन-दोन हजाराचे तीन हप्ते, राज्याचे वर आणखी ६,०००. अट काय, तर १ फेब्रुवारी २०१९ ला जमीन तुमच्या नावावर पाहिजे, नंतर आलेली चालत नाही, वारसाने आलेली सोडून. म्हणजे जो माणूस कलमांना खत घालतो, फवारणी करतो, राखण करतो, त्याच्या बापाचं नाव सातबाऱ्यावर आणि बाप वारलेला, वारस नोंद बाकी, तर तो शेतकरी नाही. आणि बोरिवलीला राहणारा, गणपतीला आठ दिवस येणारा चुलतभाऊ, त्याचं नाव आहे, तो शेतकरी. मी चुलतभावांच्या विरोधात नाही, आमचे आहेत ते, पण कलमाला मोहोर आला की रात्री उठून थंडी किती पडली ते बघणारा वेगळा असतो.

यावर आता फार्मर आयडी आलंय. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने डिजिटल कृषी मिशन मंजूर केलं, २,८१७ कोटींचं, त्यात प्रत्येक शेतकऱ्याला आधारसारखा एक ओळख क्रमांक, त्याला त्याची जमीन आणि पिकं जोडलेली, आणि आपल्याकडे २०२५ पासून शेतीच्या योजनांना तो लागतोच. कल्पना म्हणून मला ही आवडली, प्रत्येक योजनेला तेच तेच कागद द्यायचे वाचतील. पण ती जुळवते काय, तर आधारवरचं नाव आणि सातबाऱ्यावरचं नाव. आमच्या सासऱ्यांचं आधारवर पूर्ण नाव, आडनावासकट. सातबाऱ्यावर त्यांचं लहानपणीचं हाक मारायचं नाव, कारण ज्या कुणी तेव्हा लिहिलं त्याने घरात जे ऐकलं ते लिहिलं. वाडीत विचारा, शेंबडं पोर पण सांगेल की दोन्ही माणूस एकच. कॉम्प्युटर म्हणतो जुळत नाही. मग अर्ज तलाठ्याकडे मंजुरीला, तलाठ्याला तीन गावं, त्यात निवडणूक, त्यात पंचनामे. शेवटी झालं, झालं नाही असं नाही, आणि ज्या तरुण तलाठी मॅडमनी केलं त्यांनी अगदी नीट बोलून समजावून केलं. पण जे काम झालं ते त्यांच्या ओळखीने आणि समजुतीने झालं, सिस्टीमने ते अडवलंच होतं.

ड्रोनवालं पण ऐका. स्वामित्व योजना, २४ एप्रिल २०२० ला सुरू झाली, गावठाणातल्या घरांचं ड्रोनने मोजमाप करून मालकाला प्रॉपर्टी कार्ड द्यायचं, ज्यावर बँक कर्ज देईल. देशावरच्या गावांना ही योजना म्हणजे लॉटरी, माझी मैत्रीण सांगली जिल्ह्यात दिलेली आहे तिच्या घराचं कार्ड झालं पण. आमच्याकडे अडचण ही की आमची घरं मुळात गावठाणात नाहीतच. प्रत्येकाचं घर आपापल्या जागेत, म्हणजे परत त्याच सामायिक सातबाऱ्याच्या जमिनीत, भोवती माड, मागे गोठा. ड्रोन भारीतला असू दे, तो ज्या गावाचं मोजमाप करायला बनवलाय ते गाव इथे नाहीच.

आंब्याच्या विम्याचं थोडक्यात सांगते कारण रक्तदाब वाढतो. फळपीक विमा हवामानावर आहे, म्हणजे तुमच्या बागेत येऊन कुणी बघत नाही, मंडळातल्या हवामान केंद्रावर पाऊस किती, तापमान किती, त्यावर ठरतं. माणसाची मनमानी गेली हे उत्तम. पण केंद्र एका टोकाला आणि बाग दुसऱ्या टोकाच्या सड्यावर, आणि कोकणात एका डोंगराच्या अलीकडे पाऊस आणि पलीकडे ऊन हे मे महिन्यात कुणीही बघू शकतं. यंत्रं वाढवा, एवढंच म्हणणं आहे. जमीन आणि शेतीच्या सगळ्या विभागाला मिळून दोन स्टार, त्यातला एक त्या तलाठी मॅडमचा.

मच्छीमारांचं त्यामानाने बरं चाललंय म्हणायचं. होडीची नोंदणी आणि परवाना ऑनलाईन झालाय, २०२४ पासून मच्छीमारांची वेगळी राष्ट्रीय नोंदणी पण सुरू झालीय, योजना पाहिजे तर ती लागते. दीर हे सगळं जून-जुलैत बंदीच्या काळात उरकून घेतो, जाळी विणता विणता. होडी एका माणसाच्या नावावर असते, तिला चुलते नसतात, त्यामुळे तिचं काम पटकन होतं.

मधेच एक, गणपतीचं तिकीट. रेल्वेचं बुकिंग पण सरकारचीच डिजिटल सेवा आहे ना? पूर्वी १२० दिवस आधी सुटायचं, नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस. जुलै २०२५ पासून तत्काळला आधार पडताळलेलं खातं लागतं, दलाल कमी व्हावेत म्हणून. चांगलं आहे, पण गाड्या तेवढ्याच आणि चाकरमानी तेवढेच, सकाळी आठ वाजता अख्खी मुंबई एकच बटण दाबते, त्यात आधारने काय होणार? मी इथेच राहते म्हणून मला हसायला येतं, नणंदेला विचारा.

आता मुख्य माणूस, सेतूवाला. एसटी स्टँडच्या बाजूला, आठ बाय दहाचा गाळा, बाहेर लॅमिनेशन, झेरॉक्स, पासपोर्ट फोटो आणि रिचार्जचे बोर्ड, आत दोन कॉम्प्युटर आणि एक इन्व्हर्टर. दिल्लीत जो आराखडा ठरतो तो आमच्या तालुक्यात या पोराच्या तोंडून लोकांना कळतो. उमंग नावाचं ॲप २०१७ पासून आहे, शेकडो सरकारी सेवा एका ठिकाणी, मला ते आवडतं, पीएफ बघायला मी तेच वापरते, पण वाडीत किती जणांकडे आहे? लोक इथे येतात. कारण ॲप सांगतं 'अर्ज नाकारला', आणि हा सांगतो "मावशी, तुमच्या आधारवर जन्मतारीख १ जानेवारी पडलीय, शाळेचा दाखला आणा, आधी ते बदलूया." कुठला सर्व्हर सकाळी सातला चालतो आणि अकरानंतर झोपतो हे त्याला माहीत, कुठल्या फोटोची साईज किती केबी लागते माहीत, कुणाच्या सातबाऱ्यावर काय लफडं आहे ते पण माहीत. दरपत्रक भिंतीवर लावलेलं आहे, हा वरती थोडे घेतो, सगळेच घेतात. मला राग येत नाही, कारण एका अर्जाचे त्याला जे सुटतात त्यात इन्व्हर्टरचं पाणी पण येत नाही, आणि लाईट नसताना पण तो बसलेला असतो. त्याला पाच स्टार, आणि त्याला एवढ्यावर राबवणाऱ्यांचा एक कापला.

पण एक गोष्ट त्याच्याकडे बघून मला खुपते आणि ती त्याची एकट्याची नाही. वाडीतल्या लोकांचे पासवर्ड त्याच्या वहीत, आधारच्या झेरॉक्सचा गठ्ठा टेबलाखाली, पीडीएफ त्याच्या डाउनलोडमध्ये. तो सज्जन आहे म्हणून चाललंय. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, पण त्या टेबलाखालपर्यंत तो अजून पोचलेला मी बघितला नाही. निदान आपण एवढं करूया, सगळीकडे पूर्ण आधार द्यायचा नाही, आधारच्या साईटवरून मास्क केलेलं उतरवायचं, त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. मी माझ्या पाहुण्यांकडून पण तेच घेते, आणि अर्धे पाहुणे, मुंबई-पुण्याचे, शिकलेले, विचारतात हे काय असतं.

तक्रारीची सोय पण वापरून बघितली. एका पोर्टलवर तक्रार टाकली तर काही दिवसांनी 'निकाली काढली' असा मेसेज, आणि उत्तर काय तर संबंधित कार्यालयाशी संपर्क साधावा. ज्यांच्याबद्दल तक्रार तेच संबंधित कार्यालय. केंद्राच्या तक्रार पोर्टलला २०२४ पासून २१ दिवसांची मुदत घालून दिलीय, मुदत पाळणं सोपं असतं, मेसेज पाठवला की पाळली. त्यापेक्षा आपला राज्याचा २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा जास्त कामाचा आहे, त्यात प्रत्येक दाखल्याला दिवस ठरवलेले आहेत, नाही दिला तर पहिलं अपील, दुसरं अपील, मग आयोग, आणि अधिकाऱ्याला दंड पण होऊ शकतो. शेजारच्या मुलाचा दाखला अडला होता तेव्हा आम्ही 'आपले सरकार' या राज्याच्या पोर्टलवर पहिलं अपील टाकायचं नुसतं बोललो काउंटरवर, दोन दिवसांत सही झाली.

तर कुणी विचारलं की वापरावं का, तर वापराच, पण आधी तीन कामं उरका. आधारला स्वतःचा, गावात असतो तो नंबर जोडा, मुलाचा नको. वारस नोंदी करून घ्या, भाऊबंद मे महिन्यात आणि गणपतीत एकत्र येतात तेव्हाच सह्या घ्या, नंतर कोण सापडत नाही. आणि आधारवरचं नाव आणि सातबाऱ्यावरचं नाव शेजारी शेजारी ठेवून बघा. पेन्शनवाल्यांनी हयातीच्या दाखल्यासाठी नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्याची वाट बघू नका, सर्व्हर रडतो, केंद्राच्या ८० च्या वरच्या पेन्शनरांना तर १ ऑक्टोबरपासूनच करता येतं. त्याला जीवन प्रमाण आणि आधार फेस आरडी अशी दोन ॲप्स लागतात, दोन्ही आदल्या दिवशी सड्यावर जाऊन अपडेट करून ठेवा, आणि म्हाताऱ्या माणसाचा चष्मा काढायला विसरू नका.